राजधानी सातारा : पाहणे आणि दाखविणे

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गाने दररोज असंख्य वाहने सातारा शहराला बगल देऊन पुढे जातात. त्या वाहनांतील प्रवाशांना उजव्या हाताला सपाट माथ्याचा एक डोंगर दिसतो. राजगड, रायगड आणि जिंजी यांच्यानंतर मराठी राज्याची चौथी राजधानी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो हा अजिंक्यतारा, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते? आणि ज्यांना ते ठाऊक असते व जे मुद्दाम वाट वाकडी करून साताऱ्यात येतात, त्यांना ही राजधानी नीट समजावून सांगणारा माणूस भेटतो काय? आज मला आपल्यापुढे जे मांडावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

आग्र्यास गेलेला प्रवासी एका किल्ल्यापुढे उभा राहतो आणि मोगलांची बादशाही त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. साताऱ्याचे तसे नाही. येथील राजधानीचा एक भाग डोंगरावर आहे, एक शहराच्या पेठांत आहे, एक माहुलीच्या घाटावर आहे, एक लिंब गावच्या विहिरीत आहे आणि तिच्या शाखा पार औंध-सांगलीपर्यंत पसरलेल्या आहेत. हे सारे कोणी तरी जोडून दाखविल्यावाचून प्रवाशाला राजधानीचा अर्थ लागत नाही. जोडून दाखविणारा हा माणूस म्हणजे वाटाड्या. तो बाहेरून येणार नाही. तो आपल्याच गावात तयार व्हावयास हवा, आणि त्याला तयार करण्याचे काम पंचायत व शाळा यांनी मिळून अंगावर घ्यावयास हवे, एवढेच माझे सांगणे आहे.

डोंगरावरून पेठेत

प्रथम राजधानीचा इतिहास थोडक्यात पाहू. अजिंक्यताऱ्याचा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळचा, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा मानला जातो. पुढे तो आदिलशाहीकडे होता. १६७३ मध्ये तो छत्रपती शिवाजी महाराजांनी घेतला. राजाराम महाराज जिंजीहून परतल्यावर साताऱ्याला राजधानीचे स्थान मिळाले. लगेच, १६९९ च्या डिसेंबरात, औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला. प्रयागजी प्रभू हे किल्लेदार होते. साडेचार महिने त्यांनी गड लढविला. मोगलांनी लावलेल्या सुरुंगाने तट उडाला, पण तो ढासळला तो मोगलांच्याच अंगावर आणि त्यांचे अनेक सैनिक त्याखाली गाडले गेले. १७०० च्या एप्रिलमध्ये गड मोगलांकडे गेला आणि त्याचे नाव आझमतारा झाले. महाराणी ताराबाईंच्या कारकिर्दीत तो परत आला, तेव्हा त्याला अजिंक्यतारा हे नाव मिळाले.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि मराठी राज्याच्या विस्ताराचे शतक सुरू झाले. राज्य वाढले तशी डोंगरावरची राजधानी अपुरी पडू लागली. शाहू महाराजांनी पायथ्याशी शहर वसविले. मंगळवार, शनिवार, गुरुवार अशा वारांच्या पेठा, यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा, व्यंकटपुरा ही नावे आजही त्या वसाहतीची साक्ष देतात. कारभाराचे केंद्र पुढे पुण्यास गेले, हे खरे. परंतु पेशवेपदाची वस्त्रे अखेरपर्यंत सातारच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत, ही गोष्ट पाहुण्याला आवर्जून सांगावयास हवी.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी सातारचे राज्य मर्यादित स्वरूपात ठेवले. प्रतापसिंह महाराजांनी शाळा, रस्ते, छापखाना आणि शहराचा पाणीपुरवठा यांकडे लक्ष दिले आणि आज शहराच्या मध्यभागी दिसणारा जुना राजवाडा बांधला. महाबळेश्वरची जागादेखील १८२९ पर्यंत सातारच्या राज्यातच होती. त्या वर्षी खंडाळा गावाच्या बदल्यात ती इंग्रजांकडे गेली. आज महाबळेश्वरला जाणारा प्रवासी साताऱ्याला विसरतो, पण तो ज्या डोंगरावर जातो तोही सातारचाच होता.

१८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडले. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निधन पावले, तेव्हा त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. पुढे झाशी व नागपूर येथे जे धोरण वापरण्यात आले, त्याचा पहिला मोठा प्रयोग साताऱ्यावर झाला. १७०८ ते १८४८ असा १४० वर्षांचा हा पट आहे.

शहराची एक दिवसाची फेरी

आता हा पट एका दिवसात कसा दाखवावा? सकाळी ऊन चढण्यापूर्वी अजिंक्यताऱ्यावर जावे. वर महाद्वार, पाण्याची तळी, मंगळाईचे देऊळ आणि तट आहे. या तटावरून खाली पसरलेले शहर दिसते. वाटाड्याने येथेच बोटाने पेठा दाखवाव्यात, राजवाड्याची जागा दाखवावी आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमाची दिशा दाखवावी. दिवसभर पाहावयाची स्थळे एकदा डोळ्यांखालून गेली की पुढचे सारे समजावयास सोपे जाते. उतरताना चार भिंतीच्या स्मारकाशी थांबून १८५७ च्या हकीकतीकडे वळावे. त्या वर्षी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला. राज्य खालसा झाल्यावर नऊ वर्षांनी हे घडले, हा संबंध सांगितला म्हणजे दोन्ही घटनांचा अर्थ लागतो.

दुपारी राजवाड्याचा परिसर पाहावा. येथे आणखी एक गोष्ट सांगावी, कारण राजधानीचे मोल राजांपुरते संपत नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या बालकाने प्रवेश घेतला. ज्या रजिस्टरात ती नोंद आहे ते शाळेने जपून ठेवले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजाच्या नावाने चालणाऱ्या शाळेतून राज्यघटनेचा शिल्पकार घडावा, याहून या शहराच्या दोन शतकांची मोठी गोष्ट ती कोणती? त्यानंतर १९२४ पासून साताऱ्यात रुजलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे नाव ओघानेच येते. संध्याकाळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयासाठी ठेवावी.

माहुली आणि लिंब

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर पडावे. पूर्वेस जवळच कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. नदीच्या एका काठावर संगम माहुली, दुसऱ्या काठावर क्षेत्र माहुली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर येथे आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निधन पावले. त्यांची समाधी आणि त्यांच्या आवडत्या कुत्र्याची समाधी येथे दाखविली जाते. महाराणी ताराबाईंची समाधीही याच परिसरात आहे. ज्या चुलती-पुतण्यांमध्ये राज्यासाठी वर्षानुवर्षे संघर्ष झाला, ते दोघेही अखेर एकाच नदीकाठी विसावले आहेत. १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसरा बाजीराव आणि सर जॉन माल्कम यांची भेट माहुलीतच झाली होती. त्यानंतर वर्षाच्या आत पेशवाई बुडाली.

साताऱ्याच्या उत्तरेस, महामार्गापासून थोड्या आत, लिंब गावच्या शेरीत बारा मोटांची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात बांधविली, असे विहिरीवरील शिलालेखावरून कळते. शकात ७८ मिळविले की इसवी सनाचे वर्ष येते. म्हणजे हे काम १७१९ ते १७२४ या काळातील. एवढी बेरीज तेथे उभ्या असलेल्या शाळकरी मुलाकडून करवून घ्यावी, तो ती जन्मभर विसरणार नाही. विहीर अष्टकोनी आहे, तिला जोडून दुसरी विहीर आहे आणि दोहोंच्या मध्ये दगडी महाल आहे. नाव बारा मोटांचे असले तरी मोटा चालविण्याच्या जागा पंधरा असल्याचे सांगतात. पाहुण्यांना त्या स्वतः मोजू द्याव्यात.

परंतु या विहिरीचे खरे मर्म सांगू शकेल असा माणूस कोण? थारोळे म्हणजे काय, बैल धावेवरून कसे उतरत, नाडा कोठे आणि सोंदूर कोठे बांधीत, मोटेचे पाणी पाटात कसे पडे, हे ज्याने पाहिले वा हाताने केले आहे तो आपल्या गावातला वृद्ध शेतकरी. पुस्तकात या विहिरीची लांबी-रुंदी मिळेल, पण पंधरा ठिकाणी मोटा चालत असताना जो आवाज होई आणि जी शिस्त लागे, ती त्याच्याच तोंडून कळेल. विजेचे पंप येऊन कित्येक दशके लोटली. मोट हाकलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्याजवळचे हे ज्ञान आज कोणी ऐकून लिहून घेतले नाही, तर ही विहीर काही वर्षांनी केवळ छायाचित्र काढण्याची जागा होईल. आपल्या कामाची घाई आहे ती या कारणासाठी.

कासचा धडा

गावाने मनावर घेतले तर काय होऊ शकते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर, पावसाळ्यात साचून राहणारे पाणी आणि मातीत अन्नद्रव्यांची कमतरता, अशा जागी मोठी झाडे वाढत नाहीत. तेथे चिमुकल्या वनस्पतींचे राज्य असते. सीतेची आसवे हे नाजूक फूल येणारी वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविते. वायतुरा तर शास्त्रीय नावातही साताऱ्याचे नाव मिरविते. काही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते.

अशा जमिनीवर हजारो पावले पडली तर काय उरेल? म्हणून वनविभाग आणि आसपासच्या गावांतील ग्रामस्थ यांच्या समितीकडे येथील व्यवस्था आली. फुलांच्या हंगामात दररोजच्या प्रवेशावर मर्यादा घातली गेली, शुल्क ठरले, वाहने दूर थांबविण्यात आली आणि गावातील तरुण-तरुणी मार्गदर्शक म्हणून उभे राहिले. अडचणी अजूनही आहेत. गर्दीच्या दिवशी रस्ता तुंबतो, कचरा होतो. तरीही ज्या डोंगरावरून माणूस पोटासाठी मुंबईला जात असे, त्या डोंगरावर फुलांची नावे सांगून हंगामात चार पैसे मिळविता येतात, हे कासने सिद्ध केले. जे फुलांच्या बाबतीत साधले ते माहुलीच्या समाध्यांच्या आणि लिंबच्या विहिरीच्या बाबतीत का साधू नये?

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत

सांगली जिल्ह्यातून आलेल्या मंडळींना वाटेल की हा सारा विचार साताऱ्यापुरता आहे. तसे नाही. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. राजधानीची गोष्टही जिल्ह्याची हद्द ओलांडून तुमच्याकडे येते.

तिसऱ्या दिवशी कोरेगाव, रहिमतपूर या वाटेने औंधला जावे. सातारच्या दरबारातील प्रतिनिधींचे हे संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या कृतीपर्यंत अमूल्य ठेवा आहे. पंचायत सदस्यांनी तर औंधची वारी करावीच, कारण १९३९ मध्ये या राजाने स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना मान्य केली आणि तिचा पाया गावपंचायतीवर ठेवला. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंत नसलेल्या तुरुंगाची वसाहत सुरू झाली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. संस्थानाने दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. तिच्याजवळचे कुंडल हे औंध संस्थानातील गाव पुढे प्रतिसरकारच्या चळवळीचे मोठे केंद्र झाले.

तेथून सांगली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये आपल्या संस्थानाची ही राजधानी वसविली. येथेच ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. साताऱ्याचा राजा काशीस बंदिवान होता, त्याचे वकील लंडनमध्ये दाद मागत होते आणि त्याच सुमारास सांगलीत मराठी नाटकाचा पडदा वर जात होता. ही तीन दृश्ये एकत्र ठेवून सांगणारा वाटाड्या मिळाला तर कोणता शिक्षक आपल्या मुलांना सहलीस आणणार नाही?

काय सांगावे आणि कसे सांगावे

आता वाटाड्याच्या शिक्षणाविषयी. पाठांतर करून घडाघडा बोलणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. माहिती तीन प्रकारची असते : दगडावर वा कागदावर लिहिलेली, वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेली आणि तर्काने काढलेली. तिन्हींना आपापले स्थान आहे. मात्र आपण सांगतो ती कोणत्या प्रकारची, हे पाहुण्याला स्पष्ट सांगावयास हवे. सातारा हे नाव किल्ल्याच्या सतरा दारांवरून वा तटांवरून आले, असे लोक सांगतात. सात ताऱ्यांवरून आले, असेही सांगतात. दोन्ही सांगावे, पण लोक असे म्हणतात, या शब्दांत सांगावे.

आणि लिहिलेले सारेच खरे असते असेही नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली आणि ती पाहण्यास लोकांची रीघ लागली. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक जेम्स ग्रँट डफ याच्या वंशजांकडून ती त्या संग्रहालयाकडे गेली होती. त्यांच्या पेटीवरच्या लेखात ती शिवाजी महाराजांची असल्याचे म्हटले आहे आणि त्यांनी मोगल सेनापतीला मारल्याचेही म्हटले आहे. अफझलखान मोगलांचा नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. म्हणजे लेख लिहिणाऱ्याची माहिती पक्की नव्हती. त्या संग्रहालयानेही, हीच ती वाघनखे असे खात्रीने सांगता येत नाही, असे प्रांजळपणे नमूद केले आहे. हे पाहुण्याला सांगितल्याने महाराजांच्या पराक्रमास तसूभरही उणेपणा येत नाही. उलट, खरे बोलणाऱ्या वाटाड्याच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर त्याचा विश्वास बसतो. लंडनसारख्या शहरात परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून मान्यताप्राप्त वाटाड्याला निळा बिल्ला मिळत नाही. त्या बिल्ल्याची किंमत याच विश्वासात आहे.

पंचायतीने करावयाची कामे

पंचायतीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत सांस्कृतिक कार्याचा समावेश आहे. वारशाचे जतन हे तर १९७६ पासून घटनेने सांगितलेले प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. तेव्हा या कामासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास नको. माझ्या सूचना साध्या आहेत.

प्रत्येक गावाने आपल्या स्थळाची एक माहितीवही करावी. तिच्या एका भागात शिलालेख व कागदपत्रांतील माहिती असावी आणि दुसऱ्या भागात वृद्धांनी सांगितलेली, सांगणाऱ्याच्या नावासह. ही वही शाळेतील शिक्षकांनी तपासावी आणि विद्यार्थ्यांनी दरवर्षी तिच्यात भर घालावी. गावातील दोन तरुण आणि दोन तरुणी निवडून त्यांना ती शिकवावी. समाधीची, विहिरीची हकीकत स्त्रियांच्या तोंडून ऐकावयास मिळणे हे अगत्याचे आहे, कारण लिंबची विहीर बांधविणारी स्त्री होती आणि मोगलांशी झुंज देणारी महाराणीही स्त्रीच होती. मार्गदर्शनाचा दर फलकावर लिहावा, पावती द्यावी आणि त्यातील ठरावीक वाटा स्थळाच्या स्वच्छतेस राखून ठेवावा. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि वाहने थांबविण्याची जागा यांची सोय झाल्यावाचून कोणतीही जाहिरात करू नये.

आणखी एक कळकळीची विनंती. भक्तीपोटी किंवा उत्साहाने जुन्या शिलालेखांना तैलरंग फासू नका, समाध्यांवर सिमेंट थापू नका, पायऱ्यांना फरशी बसवू नका. दगडावरील अक्षर एकदा रंगाखाली बुजले की त्या गावाच्या मालकीचा कागदच फाटल्यासारखे होते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा कायदा आहे. स्मारक संरक्षित असो वा नसो, दुरुस्तीपूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा. येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांनीही असे पत्र आल्यावर ते टेबलावर पडून राहणार नाही याची काळजी घ्यावी.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत आपल्या जिल्ह्यातील प्रतापगड आहे, अजिंक्यतारा नाही. त्याबद्दल खंत करीत बसण्याचे कारण नाही. यादीत नाव येणे आपल्या हाती नाही, पण दाराशी आलेल्या पाहुण्याला आपले गाव खरेपणाने दाखविणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाचा दिवस १२ जानेवारी हा आहे. येत्या १२ जानेवारीस आपल्यापैकी प्रत्येक गावाने आपल्या माहितीवहीचे पहिले पान लिहून पुरे करावे, आणि त्यासाठी उद्या सकाळीच गावातील सर्वांत वृद्ध माणसाच्या ओसरीवर जाऊन बसावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.